श्वास मोजताना नेमकं कुठे चुकतं: दर, मात्रा आणि वायुकोशांपर्यंत पोचणारी हवा

मिनिटाला १५ श्वास, एका श्वासात ५०० मिलि, म्हणजे फुप्फुसांना मिनिटाला साडेसात लिटर हवा मिळाली. हा हिशेब प्रयोगवह्यांत सर्रास दिसतो आणि त्यात बहुधा तीन चुका असतात. दर त्या माणसाला सांगून मोजलेला असतो. ५०० हा आकडा पुस्तकातून उचललेला असतो. आणि जी हवा वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचलीच नाही, तीही जमेत धरलेली असते.

खालची पद्धत पाण्याचा कॅन, टब, नळी आणि प्लास्टिकची पिशवी एवढ्यावर चालते. ती स्पायरोमीटरची, म्हणजे श्वास मोजण्याच्या दवाखान्यातल्या यंत्राची जागा घेणार नाही आणि तिच्यावरून निदान करायचं नाही. पण नीट केली तर शेवटचा आकडा स्वतःच्या शरीराचा असतो, पुस्तकातला नाही.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी दर, मग शांत श्वासाची मात्रा, सगळ्यात शेवटी जोराचा उच्छ्वास. उलट केलं तर पहिले दोन आकडे वाया जातात. चार-पाच खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि श्वासाची लय मुख्यतः तोच ठरवत असल्याने पुढची काही मिनिटं दर खोटा येतो.

कोणी करू नये: अलीकडे छातीची, पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेले, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, खोकल्यातून रक्त पडणारे, फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा त्रास झालेले, आणि सध्या ताप-खोकला असलेले. जोराने फुंकताना छातीतला आणि पोटातला दाब चांगलाच वाढतो. यांच्यासाठी टप्पा १ आणि २ पुरे.

## आधी एक गोष्ट पक्की करा: हवा शिरते म्हणून छाती फुगत नाही

छाती फुगते म्हणून हवा शिरते. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, आकुंचन पावून खाली सरकतं, शांत श्वासात साधारण १ ते २ सेंमी. बरगड्या थोड्या वर आणि बाहेर येतात. आतली जागा वाढते आणि वायुकोशांतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम १ सेंमी पाण्याच्या उंचीएवढा उतरतो. अर्धा लिटर हवा आत यायला तेवढा फरक पुरतो. श्वास सोडताना तर स्नायूंना फारसं कामच नसतं; ताणलेली फुप्फुसं आपसूक आकसतात.

हे इथे सांगायचं कारण पुढे टप्पा ३ मध्ये आहे. शांत उच्छ्वासाचा दाबही तितकाच, १ सेंमी पाण्याएवढा. नळीचं टोक ५ सेंमी पाण्याखाली असेल तर शांत श्वास ते पाणी ढकलू शकत नाही, माणूस नकळत फुंकतो. थेट कॅनमध्ये 'शांत श्वास' मोजणाऱ्यांचे आकडे फुगलेले येतात ते यामुळे.

## टप्पा १: साहित्य आणि खुणा

१. कॅन. ५ लिटरचा, पारदर्शक, उभ्या बाजू सरळ असलेला. उंचापुरा माणूस एका दमात ५ लिटरहून जास्त हवा सोडू शकतो; त्याच्यासाठी मोठा कॅन घ्या.

२. टब. रुंद आणि उथळ. कॅनमध्ये जेवढी हवा जाईल तेवढं पाणी टबात उतरतं. ४० बाय ६० सेंमीच्या टबात ५ लिटर पाण्याने पातळी साधारण २ सेंमी चढते. २८ सेंमी व्यासाच्या बादलीत ती ८ सेंमीहून जास्त चढते आणि फुंकणं तितकंच जड होत जातं. टब काठोकाठ भरू नका. ही चूक बहुतेकांना लादी पुसताना कळते.

३. नळी. आतला व्यास २ सेंमीच्या आसपास, लांबी ६० ते ७५ सेंमी. बारीक नळीतून फुंकताना गाल फुगतात, हवा अडते आणि माणूस अर्ध्यावर थांबतो.

४. पिशवी. पातळ, ५ लिटर किंवा मोठी. तोंडाशी पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची २.५ सेंमी रुंदीची छोटी नळी चिकटपट्टीने हवाबंद बसवा.

५. वजनकाटा, न पुसणारा मार्कर, सेकंद दाखवणारं घड्याळ, थर्मामीटर, आणि जोराच्या उच्छ्वासाच्या वेळी नाक बंद ठेवायला मऊ चिमटा.

खुणा अशा करा: रिकामा कॅन सरळ उभा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. २५० ग्रॅम पाणी ओता, पातळीला रेघ मारा. पुन्हा २५०, पुन्हा रेघ. पाण्याचा १ ग्रॅम म्हणजे १ मिलि, त्यामुळे मोजपात्रापेक्षा हे अचूक पडतं. काट्याची क्षमता कमी असेल तर एका बाटलीत २५० ग्रॅम तोलून ते ओतत जा.

कॅन उलटा करून वापरायचा आहे म्हणून खुणाही गळ्याकडून कराव्यात, असं अनेकांना वाटतं. तसं करू नका. उलट्या कॅनमध्ये हवा वर, म्हणजे कॅनच्या तळाशी जमते. सरळ उभं असताना तळापासून १,००० मिलिची जी रेघ, तीच उलटं केल्यावर १,००० मिलि हवेची रेघ. खुणा तळापासून केल्या की आकडे थेट वाचता येतात.

तपासणी: पिशवी फुगवून तोंड दाबून धरा आणि वर एक पातळ पुस्तक ठेवा. दोन मिनिटांत पुस्तक खाली बसत गेलं तर जोड गळतोय.

इशारा: पिशवी डोक्यात घालायची नाही, तिच्यातून श्वास आत घ्यायचा नाही. सोडलेल्या हवेत सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के. लहान मुलांच्या हाती पिशवी एकट्याने देऊ नका.

## टप्पा २: दर मोजणं, न सांगता

छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास. वर जाणं एक आणि खाली येणं दुसरा असं मोजणाऱ्यांचा दर नेमका दुप्पट येतो, आणि ३० पाहून घरात धावपळ सुरू होते.

१. माणसाला १० मिनिटं शांत बसवा. बोलणं, हसणं, जिना चढून आल्याआल्या मोजणं नाही.

२. "श्वास मोजतोय" असं सांगू नका. सांगितलं की लय बदलते. बहुतेकांचा श्वास सावकाश आणि खोल होतो. मनगट धरून नाडी बघितल्यासारखं करा आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवा. सैल कपड्यात छाती दिसत नसेल तर पोट बघा; तान्ह्या बाळाचं तर पोटच बघायचं.

३. पूर्ण ६० सेकंद मोजा. एका श्वासाची चूक ६० सेकंदांत एकच राहते. १५ सेकंद मोजून चाराने गुणलं की तीच चूक चार श्वासांची होते, आणि १४ चे १८ व्हायला वेळ लागत नाही.

४. स्वतःचा दर मोजायचा असेल तर फोन बाजूला टेकवून छाती आणि पोट दिसेल असं तीन मिनिटांचं चित्रीकरण करा आणि काहीतरी वाचत बसा. पहिलं मिनिट सोडून द्या, पुढच्या दोनांची सरासरी घ्या. मनातल्या मनात मोजलेला स्वतःचा दर धरू नका.

विश्रांतीत प्रौढांचा दर साधारण १२ ते २०. लहान मुलांचा मुळातच जास्त असतो, त्यांना प्रौढांची पट्टी लावू नका. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त दर म्हणजे श्वास जलद आहे. बाळ रडत किंवा दूध पीत असताना मोजलेला आकडा टाकून द्या. तान्ह्या बाळांचा श्वास काही सेकंद थांबून पुन्हा भराभर चालतो, म्हणून त्यांच्यासाठी पूर्ण मिनिटाला पर्यायच नाही.

इशारा: श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, ओठ किंवा जीभ निळसर दिसणं, एक वाक्य सलग बोलता न येणं, किंवा प्रौढाचा दर विश्रांतीतही २५ च्या वर राहणं, यातलं काहीही दिसलं तर प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

## टप्पा ३: शांत श्वासाची मात्रा

सगळ्यात जास्त गडबड या टप्प्यात होते, म्हणून मोजण्याआधी दहा श्वासांचा सराव करा. पिशवी पूर्ण चपटी करून तिचं तोंड अंगठ्याने बंद ठेवा.

१. श्वास नाकाने, खोलीतली हवा, नेहमीसारखा घ्या.

२. नळीवर ओठ घट्ट मिटा, दुसऱ्या हाताने नाक चिमटीत धरा, अंगठा काढा आणि हवा नुसती *सोडा*. फुंकू नका, पोट दाबू नका. श्वास आपोआप जिथे संपतो तिथे थांबा.

३. अंगठा परत लावा, नाक सोडा, श्वास घ्या.

४. असे पाच श्वास पिशवीत जमा करा. दुसऱ्या माणसाने पाच श्वासांना लागलेली वेळ मोजायची.

वेळ मोजायची ती उगीच नाही. टप्पा २ मध्ये दर १४ आला असेल तर पाच श्वासांना ५ × ६० ÷ १४, म्हणजे २१ सेकंदांच्या आसपास लागायला हवेत. ३० सेकंद लागले तर तुम्ही सावकाश आणि खोल श्वास घेतलेत. ती मात्रा शांत श्वासाची नाही. ती फेरी रद्द. फरक तीन-चार सेकंदांचा असेल तर चालेल. पहिली फेरी बहुतेकांची फुगलेलीच येते, ७०० ते ८०० मिलिपर्यंत. तीन फेऱ्या करा, पहिली टाका, उरलेल्या दोनांची सरासरी घ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटं थांबा.

नळीतूनच श्वास आत-बाहेर करायचा मोह होतो. २ सेंमी व्यासाच्या ७५ सेंमी नळीत सुमारे २३५ मिलि हवा मावते. सोडलेली तेवढी हवा नळीतच राहून पुढच्या श्वासाला परत आत येते. शरीर त्याची भरपाई म्हणून श्वास मोठा करतं आणि मोजणी बिघडते.

### पिशवीतली हवा कॅनमध्ये

कॅन काठोकाठ भरा, तोंडावर तळहात दाबून उलटा करा, टबात गळा ३ ते ५ सेंमी पाण्याखाली राहील असा धरा. वर हवेचा बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा. गळ्याखाली दोन पट्ट्या ठेवल्या की कॅन नळीला चिमटत नाही. तरी एका माणसाने तो धरून ठेवावाच, कारण हवा भरत गेली की कॅन तरंगू पाहतो.

नळीचं एक टोक पिशवीला जोडा, दुसरं गळ्याच्या *जेमतेम आत*. टोक वर हवेच्या जागेपर्यंत सरकवू नका. उलट्या कॅनमधल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे ती नळीतून हवा स्वतःच ओढून घेते आणि आकडा वाढतो. पिशवी हळूहळू चपटी करत सगळी हवा ढकला. बुडबुडे थांबले की अर्ध्या मिनिटात वाचा. फार वेळ ठेवलं तर थोडा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो.

तपासणी: डोळे पातळीच्या रेषेत आणून वाचा. कॅनमधलं पाणी टबातल्या पाण्यापेक्षा किती सेंमी वर आहे तेही लिहा. दर १० सेंमीला हवा सुमारे १ टक्का पसरलेली असते, तेवढं वजा करा. १५ सेंमीचा फरक आणि २,२५० मिलि वाचन असेल तर ३४ मिलि कमी.

दुसरी दुरुस्ती तापमानाची, आणि ही जास्त मोठी आहे. फुप्फुसातली हवा ३७ अंश सेल्सिअसची आणि पूर्ण दमट. कॅनमध्ये ती थंड होऊन आकसते, थोडी वाफ पाणी होऊन जाते. पाण्याचं तापमान पाहून वाचनाला गुणा: २० अंशाला १.१०, २५ ला १.०७५, ३० ला १.०४५. मधल्या तापमानाला मधला आकडा. ही दुरुस्ती विसरली की थंडीच्या दिवसांत तीच फुप्फुसं दहा टक्के लहान दिसतात.

## टप्पा ४: पूर्ण दमाची मोजणी

आता जोराचा उच्छ्वास. इथे पिशवी नको, नळी थेट कॅनमध्ये. खुर्चीत ताठ बसून करा. उभं राहून आकडा किंचित जास्त येतो, पण चक्कर आली तर पडण्याचा धोका आहे: जोराने फुंकताना छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त काही क्षण कमी होतं.

१. नाकाला चिमटा लावा.

२. तोंडाने श्वास घ्या, अगदी पोटापासून गळ्यापर्यंत भरेल इतका. घाई नको.

३. लगेच नळी ओठांत धरा आणि सलग सोडत राहा. हवा संपली असं वाटल्यावरही सहा सेकंद होईपर्यंत ढकलत राहा. शेवटच्या दोन सेकंदांत एकेक बुडबुडा येतो. बहुतेक जण तिथेच सोडून देतात आणि बरीच हवा मोजायची राहते.

४. दोन मिनिटं थांबून पुन्हा. एकूण तीन प्रयत्न. सगळ्यात मोठा आकडा घ्या. इथे सरासरी नाही.

तपासणी: सगळ्यात मोठ्या दोन आकड्यांत १५० ते २०० मिलिपेक्षा जास्त तफावत असेल तर एखादा प्रयत्न अर्धवट झालाय. डोकं हलकं वाटलं, बोटांना मुंग्या आल्या तर थांबा आणि शांत श्वास घ्या.

दोन्ही दुरुस्त्या इथेही लावा. मध्यम उंचीच्या तरुण पुरुषात हा आकडा साडेचार-पाच लिटरच्या, स्त्रीत सव्वातीन-साडेतीन लिटरच्या आसपास येतो. तो मुख्यतः उंची, वय आणि लिंग यांवर अवलंबून असतो.

याला 'फुप्फुसांची एकूण क्षमता' म्हणू नका. कितीही ढकललं तरी सुमारे १,२०० मिलि हवा आत उरतेच, आणि ती कोणत्याही कॅनमध्ये मोजता येत नाही.

## टप्पा ५: हिशेब

६० किलो वजनाचा, अंगाने मध्यम माणूस धरू. दर १४. पाच श्वासांना २२ सेकंद. पाण्याच्या उंचीतल्या फरकाची वजावट करून पिशवीतली हवा २,२५० मिलि, पाणी २५ अंश.

- २,२५० × १.०७५ = २,४१९ मिलि; पाचाने भागून एक श्वास ४८४ मिलि.
- मिनिटाची एकूण हवा: ४८४ × १४ = ६,७७६ मिलि, म्हणजे ६.८ लिटर.

इथे थांबायचं नाही. नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांत अडकलेली हवा वायुकोशांपर्यंत पोचत नाही. ती आली तशी परत जाते. या जागेला डेड स्पेस म्हणतात. ती थेट मोजायला वेगळी उपकरणं लागतात, पण दर किलोला २.२ मिलि हा अंदाज चालतो. किलो मात्र उंचीला शोभेल त्या वजनाचे धरा. माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याची श्वासनलिका रुंद होत नाही.

- डेड स्पेस: ६० × २.२ = १३२ मिलि.
- वायुकोशांना मिळणारी हवा: (४८४ − १३२) × १४ = ४,९२८ मिलि, म्हणजे ४.९ लिटर.

१३२ हे *प्रत्येक* श्वासातून वजा होतात. मिनिटाच्या बेरजेतून एकदाच वजा करणारे ६.६ लिटर असं उत्तर काढतात आणि सगळा मुद्दाच निसटतो. डेड स्पेस १५० मिलि धरून मिनिटाला ६ लिटर हवा तीन प्रकारे घेऊन बघा:

- १,००० मिलिचे ६ श्वास: वायुकोशांना ५.१ लिटर.
- ५०० मिलिचे १२ श्वास: ४.२ लिटर.
- २०० मिलिचे ३० श्वास: १.५ लिटर.

तिसऱ्या ओळीतला माणूस भराभर श्वास घेताना दिसतो, मिनिटाची हवाही पहिल्याइतकीच, आणि तरी वायुकोश उपाशी. धाप लागलेल्या माणसाची छाती जोरात हलतेय म्हणून त्याला हवा पुरतेय असं धरणं किती चुकीचं, ते यात दिसतं. दर आणि खोली दोन्ही बघावे लागतात.

म्हणून मुद्दाम खोल आणि भराभर श्वास घ्यावा, असा अर्थ मात्र काढू नका. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच जवळपास पूर्ण भरलेला असतो, त्यात फारशी भर पडत नाही. उतरतो तो कार्बन डायऑक्साइड. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते. पाण्यात बुडी मारण्याआधी असं करणं जीवघेणं आहे: कार्बन डायऑक्साइड कमी असल्याने श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते, तोवर ऑक्सिजन संपून पाण्याखालीच शुद्ध हरपते.

## आकडे जुळत नसतील तर

एक श्वास ३०० मिलिपेक्षा कमी: आधी नाकातून गळती बघा. नाक न धरता श्वास सोडला तर टाळूमागून हवा नाकाने निसटते. मग पिशवीचा जोड आणि कॅनकडे जाणाऱ्या नळीचा जोड तपासा.

८०० मिलिपेक्षा जास्त: वेळ बघा, श्वास सावकाश झालेला असेल. वेळ बरोबर असेल तर पिशवी सुरुवातीला चपटी नव्हती, किंवा नळीचं टोक कॅनमध्ये फार वर गेलं होतं.

तिन्ही फेऱ्यांत आकडा चढत जातो: मधली विश्रांती अपुरी.

पूर्ण दमाचा आकडा प्रत्येक प्रयत्नाला घटत जातो: माणूस थकलाय, किंवा फुंकताना छाती आवळली जातेय. अर्धा तास थांबून पुन्हा करा. तरीही घटत गेला आणि सोबत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर कॅन बाजूला ठेवून डॉक्टरांकडे रीतसर स्पायरोमेट्री करून घ्या. हवा एकूण किती आली एवढंच कॅन सांगतो. पहिल्या सेकंदात त्यातली किती बाहेर पडली हे तो सांगत नाही, आणि अरुंद झालेल्या श्वासनलिका ओळखायला तोच आकडा लागतो.